दाजी, पोरी कंटाळल्या नव्हत्या

दाजी, तेरवीच्या पंगती उठल्या, मांडववाला खुर्च्या एकात एक घालायला लागला आणि मुक्तानं मला मागच्या हौदापाशी गाठलं. मी हात धुऊन राहिलो होतो. ती म्हणाली, "मामा, एक विचारू? पप्पांनी तो खेळ अर्धा कामून सोडला?"

मी हात परत धुवायला घेतले.

"तुम्हाला काही बोलले होते का?"

"न्हाई."

"मला लई राग यायचा त्यांचा. एवढं जीव लावून करायचं अन् मधीच गुंडाळून ठेवायचं. मी तोंडावर म्हणलं होतं एकदा, पप्पा तुमचं सगळं असंच असतंय. ते नसतं म्हणलं तर बरं झालं असतं."

टॉवेल तिच्या हातात होता. मी तो घेतला, तोंड पुसलं आणि आचाऱ्याचं काय राहिलंय ते बघतो म्हणून निघालो. आचारी केव्हाच गेला होता.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. भोकरहून परत येताना नांदेडला लातूरची गाडी मिळाली, खिडकीची जागा मिळाली, तरी लोह्याला उठून जो उभा राहिलो तो घरापर्यंत. कंडक्टर म्हणाला, "सर, जागा हाय की." क्लासमध्ये फिजिक्स शिकवताना बरं असतं, तिथं उभंच राहायचं असतं. घरी आलो की ह्या खोलीतून त्या खोलीत. तुमच्या शाळेनं स्मरणिकेसाठी माझ्याकडं लेख मागितलाय. "सरांच्या चार गोड आठवणी लिहा, तुम्ही शिकवणारे, तुम्हाला काय अवघड." मी 'हसतमुख व्यक्तिमत्त्व' असं लिहिलं आणि कागद फाडला. हसतमुख तुम्ही नव्हताच. चित्र काढताना तर आंबट बोर चावल्यासारखं तोंड व्हायचं तुमचं. हसायचात ते दुसऱ्याला चिडवून झाल्यावर.

गोड आठवणी दुसरे लिहितील. मला एकच सांगायचंय, आणि ते सांगितल्याशिवाय मला मुक्तासमोर जाता येणार नाही. येत्या रविवारी ती लातूरला येतेय. तिच्या आधी तुम्हाला सांगतो. तुमचा हक्क पहिला.

वाचणाऱ्यांना तो खेळ माहीत नाही, म्हणून जरा मागून यावं लागेल. तुम्हाला सगळं माहीत आहे, तुम्ही उगं ऐका.

मुक्ता प्राथमिक शाळेत असताना तुम्ही नांदेडहून कॉम्प्युटर आणलात. पोरीच्या शिक्षणासाठी. दुकानदारानं त्यात दोन-चार खेळ टाकून दिले होते, आणि त्यातला एक होता त्या इंग्रजी जंगलातल्या लुटारूचा. हिरवी टोपी, पाठीला बाणांचा भाता, श्रीमंतांचं लुटून गरिबांना देणारा. शेकडो वर्षांची त्याची गोष्ट, सगळ्या जगाला ठाऊक असलेली. मुक्ताचं त्यावरचं मन लवकरच उडालं. तुम्हाला मात्र तो लागला. भाऊबीजेला मी आलो तर आक्का दारातच म्हणाली, "जा आत. तुझे दाजी जंगलात हायत."

पडद्यावर किल्ला होता, तटावर शिपाई फिरत होते, खाली झुडपात तुमचा गडी दबा धरून बसला होता. तुम्ही शीळ घातलीत, शिपाई कोपऱ्यात आला, तुम्ही त्याच्या डोक्यात हाणलंत, बांधलंत, थैली काढून घेतलीत, पाय धरून झुडपात ओढलंत. कलाशिक्षक, पण काय सफाई! मी म्हणालो, "भारी हाय की." तुम्ही खुर्ची माझ्याकडं फिरवलीत.

"पाव्हणं, तुम्ही इंग्रजी शिकलेले. जरा बघा बरं. लुटायचं बटण हाय, बांधायचं हाय, शिट्टीचं बी हाय. वाटायचं बटण कुठाय?"

मी सगळ्या सूचना वाचल्या. दोनदा वाचल्या. लुटलेलं सोनं वरच्या कोपऱ्यात दिसत होतं, प्रत्येक मोहिमेनंतर वाढत होतं. वाटायचं बटण कुठंच नव्हतं.

"मग ह्यो सावकारच की," तुम्ही म्हणालात. "फकस्त टोपी हिरवी."

त्यानंतर तुम्ही त्या माणसाचा खेळ मिळेल तिथून मिळवलात. मोबाईलवर आला तो नुसता बाण मारायचा. तुमच्या एका सहकाऱ्याच्या मुलानं हैदराबादहून पेटीतला आणून दिला, टेबलावर मांडून खेळायचा. त्यात जाड पुठ्ठ्याच्या गाड्या होत्या, लाकडी सोंगट्या होत्या, पानापानावर रान रंगवलेलं होतं. तुम्ही ती चित्रं डोळ्याजवळ नेऊन बघितलीत, कुण्या चित्रकाराचं काम आहे म्हणून पेटीवर नाव शोधलंत. आपण तो पूर्ण खेळलो. शेवटी ज्याच्याकडं नाणी जास्त, तो जिंकला. जिंकलो मी होतो. तुम्ही पेटी बंद करत म्हणालात, "ह्या माणसाचा खेळ अजून कुणी केलाच न्हाई बघा. त्याच्या नावानं दुसऱ्याचाच खेळून राहिले."

मग तुम्ही केलात.

मांजरपाटाच्या कापडावर पट काढलात. गेरूनं गावं, काजळीनं वाटा, आणि रान मात्र आपलं: इंग्रजी झाडं नाहीत, किनवटकडचा साग, पळस, मधूनच एक बोडकी टेकडी. रानातला माणूस म्हणजे एक सागरगोटा. कोतवाल म्हणजे जुन्या कोटाचं पितळी बटण. धान्य म्हणजे तुरीचे दाणे. आणि प्रत्येक गावावर भातुकलीतली मातीची चूल. गढीकडं धान्याच्या गाड्या चालल्यात, रानातल्यानं त्या लुटायच्या, गावागावांत दाणे पोचवायचे. फेरी संपताना ज्या गावात दाणा नाही त्या गावाची चूल पालथी. सगळ्या चुली पालथ्या झाल्या तर कोतवाल जिंकला. शेवटच्या गाडीपर्यंत चुली पेटत्या राहिल्या तर बाकीचे सगळे जिंकले. एकट्यानं जिंकायची सोयच तुम्ही ठेवली नव्हतीत.

आणि तो नियम, ज्याच्यावरून आपण भांडलो. कोतवालानं रानातल्याला गाठलं आणि त्याच्याजवळ दाणा सापडला, तर तो चोर, खेळ खलास. दाणा नाही सापडला तर तो साधा वाटसरू. कोतवालानं त्याला सोडलंच पाहिजे.

"पटलं का?" तुम्ही विचारलंत. आपण तुमच्या गच्चीवर होतो, आक्कानं वाळत घातलेल्या पापडांना राखण बसल्यासारखे.

मला पटलं नव्हतं. "दाजी, मग हा दयेनं कुठं देतोय? धरला जाईन म्हणून देतोय. जवळ ठेवलं तर मरतो, म्हणून वाटतो. ह्याच्यात मोठेपणा काय?"

"का दिलं ते खेळाला कशाला इचारता? चूल पेटली का न्हाई?"

"पण माणूस तर तोच राहिला ना."

"भीतीनं का होईना, हात रोज मोकळा केला तर कधीतरी हाताला सवय लागत असंल," तुम्ही म्हणालात. "तुमच्या फिजिक्समध्ये सवय न्हाई का?"

"न्हाई."

"मग कच्चं हाय तुमचं फिजिक्स."

कावळा पापड घेऊन गेला आणि आक्कानं आपल्या दोघांचा उद्धार केला. तो वाद तिथंच राहिला, तसा पुढंही बरीच वर्षं राहिला. तुम्ही मधेच फोन करायचात, हॅलो नाही काही नाही, "पाव्हणं, सवयीचं काय झालं?" आणि ठेवून द्यायचात.

इथं एक सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. मी क्लासमध्ये लागलो तेव्हा माझ्या आकृत्या बघून पोरं हसायची. वर्तुळ काढलं की बटाटा. मी कुणाला बोललो नव्हतो. तुम्ही एकदा आलात, मला घेऊन रिकाम्या वर्गात गेलात, दार लावलंत. "मनगटानं काढून राहिलात तुम्ही. मनगट विसरा. खांद्यातून फिरवा, बघा फळ्याकडं, खडूकडं बघू नका." दुपार गेली. बाहेर आलो तेव्हा दोघंही खडूनं पांढरे. आज लातुरात पोरं म्हणतात, सरांचं वर्तुळ कंपासला भारी. मी कधी म्हणालो नाही की ते वर्तुळ भोकरच्या एका कलाशिक्षकाचं आहे. तुम्हालाही कधी 'उपकार झाले' म्हणालो नाही. मला बोलता येत नाही, हे माझं नेहमीचं निमित्त. बोलता येत नाही असं नाही, दाजी. मी सोयीनं गप्प बसतो.

आता मुद्द्यावर येतो. पाणी पिऊन आलो मधे.

मुक्ता नीटच्या तयारीला लातूरला आली. आमच्या लातुरात पोरं शिकायला येतात म्हणजे सकाळी क्लास, दुपारी क्लास, संध्याकाळी क्लासमधलं परत, आणि रविवारी पेपर. आमच्याच गल्लीत खोली घेऊन ती तिघींबरोबर राहायची, जेवण मेसला, मोबाईल बंद. मामा त्याच क्लासमध्ये म्हणून आक्का निर्धास्त होती. त्या हिवाळ्यात तुम्ही पटाची गुंडाळी काखेत मारून आलात. मुक्ताला भेटलात, तिच्या हातावर शेंगदाण्याचे लाडू ठेवलेत, आणि गुंडाळी मला दिलीत.

"माझ्यासमोर लोक खोटं बोलतेत, पाव्हणं. सर म्हणून छान छान करतेत. ह्यो तुमच्याकडं राहू द्या. रविवारी पेपर झाला की पोरींना बसवा, आन् तुम्ही उगं बाजूला बसून बघा. काय झालं तेवढं सांगा मला. मग मी पक्का करतो आन् शाळेत मांडतो. जमलं तर गावोगावच्या शाळांत."

तुमची गाडी अजून नांदेडलाही पोचली नसेल, आक्काचा फोन आला.

"बालाजी, त्यो खेळ दिला का तुझ्याकडं?"

"हाव."

"कसा बी असू दे. त्यांना म्हण जमला न्हाई. चांगला हाय म्हणलास तर ते त्याच्यात बुडतेत, मग पोरगी बी बुडती बापाच्या मागं. येवढं वरीस जाऊ दे रे बाबा. माझ्या तोंडानं म्हणलं तर घरात आठ-आठ दिस अबोला राहतो. तुझं ऐकतेत ते."

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. फोन ठेवला.

रविवारी पोरी खेळल्या. संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला आणि म्हणालो, "दाजी, पोरी कंटाळल्या."

तुम्ही विचारलंत, "कधीपासून? सुरुवातीलाच, का मधी?"

"मधी," मी म्हणालो. मधी का म्हणालो? खोटं बोलणाऱ्याला मधलंच सोपं पडतं.

"कोतवाल लई जवळ जवळ येतो का? जीव घुसमटतो का पोरींचा?"

"हाव, तसंच कायतरी."

तुमच्या मागं कुकरची शिट्टी झाली, आक्का घरातच होती म्हणजे. मग तुम्ही म्हणालात, "बरं झालं, तुम्ही तरी खरं सांगितलंत."

पट परत पाठवू का विचारलं तर म्हणालात, राहू द्या तिकडंच. मुक्ताला मी आधीच सांगून ठेवलं होतं, "तुझ्या पप्पांना मी सगळं सांगतो, तू पुस्तक उघड." तिनं विश्वास ठेवला; नंतर 'काय म्हणाले पप्पा?' विचारलं तर 'बघतो म्हणाले' असं मी सांगून टाकलं. पुढं तुम्ही खेळाचं नाव काढेनात, तेव्हा तिला वाटलं तुम्हीच टाकून दिलात. तुम्हाला वाटलं तीच कंटाळली होती, मग तिला कशाला विचारायचं. दोघांच्या मधे मी होतो, आणि दोघांनाही दिसत नव्हतो.

आक्काचं निमित्त होतं हे खरं. पण ते आक्काच्या नावावर ढकलून मोकळं व्हायचं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो. माझी स्वतःची भीती होती: सर मुलींना घरी बसवून खेळ खेळवतात, असं एखाद्या पालकाच्या कानावर गेलं असतं तर क्लासमध्ये माझी पंचाईत झाली असती. आणि त्याच्याही खाली अजून एक होतं. मी आयुष्यभर दुसऱ्यांनी घातलेली गणितं सोडवली. तुम्ही तालुक्याच्या गावी बसून, काजळी आणि तुरीच्या दाण्यांतून, आधी कुठंच नसलेली गोष्ट उभी केली होती, आणि ती चालत होती. माझ्या समोर, माझ्या फरशीवर, चालत होती. मला ते बघवलं नाही. लिहिलं बाबा एकदाचं.

मुक्ता आयुर्वेदाला लागली. आक्का म्हणाली, बघ, बरंच झालं की नाही. मीही मान हलवली.

मग तुमचं दुखणं आलं. नांदेडला दवाखान्यात मी येत होतो, तुमच्या उशापाशी बसत होतो, पेपरमधल्या बातम्या वाचून दाखवत होतो. त्या दुपारी आक्का डबा आणायला नातेवाइकांकडं गेली होती. खोलीत आपण दोघंच. तुम्ही छताकडं बघत होतात. मला वाटलं झोपलात. मधेच म्हणालात,

"पाव्हणं, एक खरं सांगा. त्या पोरी खरंच कंटाळल्या होत्या का?"

दार बंद होतं. आक्का नव्हती. मुक्ताची परीक्षा होऊन वर्षं उलटली होती. क्लासमध्ये आता मीच जुना, मला कुणी काही म्हणणारं नव्हतं. एकही निमित्त शिल्लक नव्हतं, दाजी.

"हाव," मी म्हणालो.

का? स्वतःला मी सांगितलं की आजारी माणसाला आता कशाला तकलीफ. खोटं आहे ते. मी 'न्हाई' म्हणालो असतो तर तुम्ही पुढचं विचारलं असतं: मग तेव्हा कामून तसं बोललात? त्या एका प्रश्नाला मी भ्यालो. तुमच्या चेहऱ्याला भ्यालो.

तुम्ही हळूच हात वर केलात, हवेत काहीतरी पुसल्यासारखा. "मला तेव्हाच वाटलं होतं. कोतवालाला लई पावलं दिली मी. चुकलंच माझं. त्याला जरा मागं ठेवायला पाहिजे होता." आणि मग कितीतरी वेळ तुम्ही बोटानं चादरीवर वाटा काढत होतात, कोतवालाला मागं सारत होतात. न झालेली चूक दुरुस्त करत होतात. मी पेपरचं पान उलटलं.

त्यानंतर तुम्ही मला काही विचारलं नाही. आता विचारणारही नाही.

तेरवीच्या दिवशी मुक्तापासून पळून मी आक्काकडं गेलो. ती मागच्या खोलीत मंडपाची भांडी वेगळी आणि घरची वेगळी करून राहिली होती. मी म्हणालो, "आक्का, मुक्तानं खेळाचं विचारलं. तिला सांगावं लागतंय."

ती भांड्यांतून मान वर न करता म्हणाली, "माझं नाव घेणार न्हाई म्हणायला आलास, का घेऊ का म्हणून इचारायला?"

"तसं न्हाई."

"मग?"

"दवाखान्यात त्यांनी मला परत इचारलं होतं. तू डब्याला गेली होतीस तवा."

तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "त्यांनी इचारलं होतं? खेळाचं?"

"हाव."

"आन् तू?"

मी काही बोललो नाही. ती समजली. ती माझी थोरली बहीण, माझं गप्प बसणं तिला लहानपणापासून वाचता येतं.

"इतकी वर्सं मनात ठिवलं त्यांनी," ती म्हणाली. "मला वाटलं इसरले. मी मनाला म्हणायची, बघ, नादच होता, गेला." पदरानं तिनं पातेलं पुसलं, पुसलेलंच परत पुसलं. मग माझ्याकडं बघितलं. "पहिल्यांदा मी बोलायला लावलं, बालाजी. हाव, मीच लावलं. दवाखान्यात कुणी लावलं?"

मी एक तांब्या उचलला आणि परत ठेवला.

"माझं मी पोरीला सांगते," ती म्हणाली. "तुझं तू सांग. माझ्याआड लपू नको आता." आणि जरा वेळानं, "जेवलास का?"

ही आक्का. तुम्हाला माहीतच आहे.

घरी येऊन मी कपाटावरून तुमचा पट काढला. तुरीच्या दाण्यांची पिशवी उघडली तर नुसता भुगा, किडे होऊन कधीच उडून गेले. पटाला मात्र काही झालं नाही. काजळीच्या वाटा तशाच काळ्या आहेत. मी तो फरशीवर पसरला, गुंडाळला, परत पसरला. शेजारचे खालून ओरडले, सर काय सामान हलवून राहिलात का? तेव्हा आता, इतक्या उशिरा, तुम्ही सांगितलं होतं तेवढंच करतो. त्या रविवारी काय झालं ते सांगतो. मला चांगलं आठवतं. न आठवून कसं चालेल, रोज आठवतं.

पेपर अवघड गेला होता, म्हणून चौघी तोंडं पाडून आल्या. आल्या आल्या एकमेकींची उत्तरं ताडून बघायला लागल्या. मी पट पसरला. मुक्तानं तुमचे नियम सांगितले, तुमच्याच ठसक्यात, 'चोर' म्हणताना डोळे मोठे करून. ती कोतवाल झाली. धर्माबादची श्रावणी रानातला माणूस. निलंग्याची भाग्यश्री आणि भोकरचीच एक मैत्रीण, ह्या दोघींनी गावं वाटून घेतली.

श्रावणी सुरुवातीला तुम्ही म्हणता तशीच खेळली, भिऊन. दाणा हातात आला की पळत जाऊन गावात टाकायची, बटण चार बोटांवर आलं की किंचाळायची. मुक्तानं तिला गाठलं, झडती घेतली, काही नाही. सोडावं लागलं. परत गाठलं, परत काही नाही. मुक्ता म्हणाली, "ह्या कोतवालाला पगार कोण देतंय? ह्याचं कामच न्हाई!" आणि श्रावणी हात जोडून, "मी वाटसरू हो साहेब, धर्माबादला मिरची आणायला चाललो." पोरी इतक्या हसल्या की भाग्यश्रीचा चष्मा पटावर पडला आणि एका गावावर काचेचं धरण झालं.

मग श्रावणी मैत्रिणीशी तेलुगूत कुजबुजायला लागली, दोघींच्याही घरी ती भाषा बोलायचे. मुक्ता चिडली, कोतवालाला तेलुगू येत नाही, हा अन्याय आहे. वाद झाला. शेवटी असं ठरलं की रान सीमेपलीकडं गेलेलं आहे, तेव्हा रानातल्याला तेलुगू चालेल, पण गावांनी मराठीतच उत्तर द्यायचं. हा नियम तुमच्याकडं नव्हता. तुम्हाला आवडला असता.

भाग्यश्रीचं एक गाव विझलं. तिनं चूल पालथी घातली आणि बघतच बसली. म्हणाली, "आता ह्ये असंच राहणार का?" तुमच्या नियमात पालथी ती पालथीच. मैत्रीण म्हणाली, "शेजारच्या गावातून विस्तव आणायचा की. घरी न्हाई का आणत?" चौघींनी ते लगेच मान्य केलं, मला कुणी विचारलंच नाही. एक दाणा देऊन शेजाऱ्यानं चूल सरळ करायची. कोतवाल असूनही सगळ्यांत आधी हात वर केला तो मुक्तानं.

आणि आपला वाद, दाजी. तो तिथं मिटला होता. शेवटच्या गाडीच्या आधी कोतवाल पार गढीच्या टोकाला अडकला होता. श्रावणीला काही भीती नव्हती, जवळ मूठभर दाणे होते, ठेवले असते तरी चाललं असतं. मी मुद्दाम वाकून बघत होतो, तुम्हाला खोटं पाडायला. ती गाणं गुणगुणत एकेका गावात दाणा टाकत गेली, विचारही न करता. हाताला सवय लागली होती. फिजिक्स माझंच कच्चं होतं.

मेसची दुपारची वेळ टळली. मेसवाल्या मावशींनी निरोप पाठवला, येता का झाकून ठेवू? पोरी म्हणाल्या झाकून ठेवा, आणि परत मांडला. ह्या वेळी भाग्यश्री सागरगोटा घेऊन बसली, आणि खेळता खेळता मधेच थांबून तिनं माझ्याकडं बघितलं.

"सर, ह्यो रानातला खातो काय?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"समद्यांची चूल पेटवून राहिला. ह्याला चूलच न्हाई पटावर. ह्याला भूक लागत न्हाई का?"

चौघी एकदम बोलायला लागल्या. श्रावणी म्हणाली, गावानं घालायचं की जेवायला. मुक्ता म्हणाली, मग त्याच्याजवळ दाणा सापडला, मी धरणार. भाग्यश्री म्हणाली, खाल्ल्यावर कसा सापडंल? मैत्रीण म्हणाली, पण ज्या गावात एकच दाणा हाय त्यानं काय करायचं, त्याला द्यायचा का चुलीत घालायचा? कुणालाच ठरवता येईना. सागरगोटा पटाच्या मधोमध तसाच थांबून राहिला.

मुक्ता म्हणाली, "ह्ये पप्पांनाच विचारावं लागंल. त्यांना कळंल बरोबर. मामा, आजच विचारा."

मी म्हणालो, "विचारतो," आणि गच्चीवर जाऊन तुम्हाला फोन लावला.